पार्किंगमधले आप्पा

नाशिकला सातपूर-सिडकोकडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमध्ये डोकावा. डबल स्टँडवर चढवलेली एक मोटारसायकल, तिच्या पोटाखाली आडवा कापलेला तेलाचा कॅन आणि कॅनशेजारी पाटावर बसलेले एक गृहस्थ दिसतील. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. हे आप्पा. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे तात्या. माणूस तोच.

आप्पांची उभी हयात मायकोत गेली. २००८ साली कंपनीचं नाव बॉश झालं, पण ते त्र्यंबक रोडवरच्या मायको सर्कलला कुणी कळवलं नाही आणि आप्पांना कळवूनही पटलं नाही. कंपनीत डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. जन्मभर मायक्रॉन मोजलेल्या माणसाला निवृत्तीनंतर भाजी आणायला पाठवलं तर काय होतं, ते काकूंना विचारा. एका जाडीच्या शेवग्याच्या शेंगा मिळाल्या नाहीत म्हणून आप्पा रिकामी पिशवी घेऊन परत आले होते. तेव्हापासून भाजी काकू आणतात आणि आप्पा पार्किंगमध्ये बसतात.

त्यांची स्वतःची गाडी हीरो होंडा स्प्लेंडर. हीरो आणि होंडा यांनी २०१० च्या अखेरीस काडीमोड घेतला, पण आप्पांच्या टाकीवर दोघांचा संसार अजून सुखात चालू आहे. गाडी फिरते थोडी, पण ऑइल मात्र तारखेला बदललं जातं. नीट हिशेब मांडला तर ही गाडी मुख्यतः स्वतःचं ऑइल आणायलाच बाहेर पडते.

दुसऱ्यांच्या गाड्या आप्पा फुकट करतात. मजुरी एकच: गाडीवाल्याने शेवटपर्यंत टॉर्च धरून उभं राहायचं. अर्ध्या तासाचं काम दुपारच्या जेवणापर्यंत पुरतं, कारण आप्पा हाताने जेवढं करतात त्याच्या चौपट तोंडाने सांगतात.

तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा वडिलांची जुनी स्प्लेंडर घेऊन खाली आला. हातात चकचकीत डबा.

"आप्पा, हे ऑइल टाका. बाबांच्या कारचं उरलंय. भारीतलं आहे."

आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला, डबा डोळ्यांजवळ नेला, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि डबा परत पोराच्या हातात ठेवला.

"बाळा, कारचा क्लच बहुतेक कोरडा असतो. तुझ्या गाडीचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. इंजिन, गिअर, क्लच, तिघांचं भागवायचं एकाच ऑइलवर. कारच्या ऑइलात घर्षण कमी करायची द्रव्यं घालतात. ती ह्या क्लचला लागली की प्लेटा घसरणार. मग तू एक्सलेटर पिळशील, इंजिन बोंबलेल आणि गाडी जागची हलणार नाही. डब्यावर दहा डब्ल्यू तीस बघायचं आणि जासो एमए बघायचं. लिहून घे."

"कशावर लिहू?"

"मोबाइलवर. एरवी दिवसभर त्यातच असतोस ना?"

योग्य डबा आला. मग आप्पांनी गाडीवरून सोसायटीला एक फेरी मारली, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं. मग सतरा नंबरचा पाना ड्रेन बोल्टला लागला. पहिला पीळ पान्याने, पुढचे बोटांनी. ऑइलची काळी धार कॅनमध्ये पडली.

"केवढं काळं! खराबच झालं होतं," पोरगा म्हणाला.

"काळं म्हणजे खराब नाही. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. त्याने काम केलंय. तू काय केलंस ते सांग. शेवटचं कधी बदललं होतं?"

पोराने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

"आणि फिल्टर?" त्याने विषय बदलला. इथे आप्पा खुलले. ह्या जुन्या स्प्लेंडरला कारसारखा बदलायचा कागदी फिल्टर नसतोच. आत एक जाळी असते आणि क्लचच्या बाजूला गरगर फिरून घाण कडेला फेकणारा एक भाग असतो. तो उघडून साफ करायचा असतो, विकत आणायचा नसतो. हे ऐकल्यावर पोराने मागच्या सर्व्हिसिंगचं बिल आठवायचा प्रयत्न केला. आप्पांनी त्याला मनाई केली. "गेलेले पैसे आणि गेलेलं ऑइल यांचा शोक करायचा नाही."

शेवटचा थेंब पडेपर्यंत चहा झाला. नवीन वायसर, बोल्ट बेताने घट्ट. "जोर दाखवायचा तर तालमीत जा. इथे अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत." पाण्याच्या बाटलीचं कापलेलं तोंड हे नरसाळं. त्यातून नऊशे मिली आत. झाकणाची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहिली. पोराचं म्हणणं, लिटरचा डबा आहे तर सगळाच ओतू. आप्पांनी उरलेलं शंभर मिली खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलं. असल्या बाटल्यांच्या जोरावर ह्या सोसायटीत एकही दार करकरत नाही. रात्री उशिरा येणाऱ्या पोरांना त्याचा फार फायदा आहे.

काम संपलं असं वाटत असतानाच आप्पांनी टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारा पेट्रोलचा पाईप दोन बोटांत धरून वाकवला. पाईपाने चिरा दाखवल्या. रबर कडक होऊन पापडासारखं झालेलं.

"ह्याच्या खाली तापलेलं इंजिन आहे, कळतंय का? पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यामुळे बदलावे लागू शकतात, असं सरकारच सांगतं. आणि हा पाईप तुझ्या जन्माआधीचा दिसतो."

पाईप आणायला दोघं गेले. तो फुटावर मिळतो आणि दोन चहांच्या आसपास त्याची किंमत असते. आप्पांनी दुकानात खिशातून व्हर्निअर काढला आणि पाईपाचा आतला व्यास मोजायला घेतला. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, पाईप आहे हो तो. नोझल नाही."

कॉक बंद. क्लिपा पक्कडीने मागे सारल्या. कडक पाईप ओढायचा नाही, नाहीतर कार्बोरेटरची नळी दुखावते; ब्लेडने उभा चिरून सोलायचा. नव्याचं टोक गरम पाण्यात बुडवून पुसून घेतलं की अलगद चढतं. लांबी बेताची ठेवायची: जास्त झाली तर पाईप मुडपतो, कमी झाली तर ताणतो, आणि इंजिनाला तर टेकताच कामा नये. दोन्हीकडे नव्या क्लिपा. कॉक उघडून आप्पा पाईपाकडे एकटक बघत बसले. पहिल्या मजल्यावरचे काका विडी ओढत विचारपूस करायला आले, त्यांना लांबूनच परत पाठवलं.

एवढ्यात शेजारचा एकजण आपली नवी गाडी ढकलत आला. आप्पांनी लांबूनच मान हलवली. २०२० पासूनच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन असतं, पाईपात पंपाचा दाब असतो. तिथे फुटावरचा पाईप चालत नाही, कंपनीचाच लागतो. "ते माझं काम नाही," आप्पा म्हणाले. ज्याने हयातभर इंजेक्टर बनवले त्याने इंजेक्शनच्या गाडीला हात लावू नये, ह्यातला विनोद आप्पांना कळतो, पण आवडत नाही.

जुनं ऑइल पोरगा गटाराकडे घेऊन निघाला तेव्हा मात्र आप्पांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. "हे गटार नासर्डीला जातं, नासर्डी गोदावरीला! २०२७ ला सिंहस्थात लाखो लोक तिथे डुबकी मारणार आहेत. त्यांना काय मल्टिग्रेडने आंघोळ घालणार आहेस?" ऑइल कॅनमध्ये बंद झालं आणि ओळखीच्या गॅरेजच्या ड्रमात गेलं. तिथून ते शुद्ध करणाऱ्याकडे जातं.

"अहो, वरण गार झालं!" काकूंची गॅलरीतून तिसरी हाक आली. आप्पा साबणाने हात धुवायला लागले. त्यातही एक पद्धत आहे, पण पोराने तोवर टॉर्च विझवला होता.

आता तो पोरगा आपल्या गाडीचं ऑइल स्वतः बदलतो. पाना त्याच्या हातात असतो, टॉर्च आप्पांच्या, आणि बोलणं अर्थातच आप्पांचंच.

तुमच्याकडे कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर एवढं करा: आज खाली उतरून पेट्रोलचा पाईप बोटांनी वाकवून बघा. चीर दिसली तर वाट बघू नका, बदलून टाका. तुमच्या पार्किंगमध्ये एखादे आप्पा बसत असतील तर गाडी खुशाल त्यांच्याकडे द्या. फक्त त्या रविवारी दुसरा कुठलाही बेत ठेवू नका, आणि टॉर्च चार्ज करून न्या.