फॉरमॅट मारण्यापूर्वी

एडिसन, न्यू जर्सी

ती. काका आणि ती. काकू,

लखनौच्या मानक नगरातला तुमचा कंप्युटर पुन्हा पुन्हा निळा पडतो आणि दुकानवाला ‘फॉरमॅट मारून टाकू’ म्हणतो, हे कळलं. इथल्या सर्वांचं एकमताने म्हणणं असं की फॉरमॅट अगदी शेवटी, आधी तपास. (सात समुद्रांपलीकडून सल्ला द्यायला काय जातं, असं काकू म्हणणारच.) निळी स्क्रीन हा मुळात रोगच नव्हे. विंडोजच्या गाभ्यात, जिथे ड्रायव्हर चालतात तिथे, काही भलतंच घडलं की तसंच पुढे रेटून फाइली नासवण्यापेक्षा विंडोज स्वतःहून थांबते. बिघाड झाला तर सिग्नल लालच व्हायला हवा, हे रेल्वेची मानकं ठरवणाऱ्या तुमच्या आरडीएसओत 1957 पासून कुणाला समजावावं लागलं नसेल. सिग्नल लाल झाला म्हणून कुणी अख्खं स्टेशन पाडून नव्याने बांधत नाही. दुकानवाला नेमकं तेच करायला निघालाय, आणि काकूंचे बद्रीनाथचे फोटो त्या ढिगाऱ्याखाली जातील ते वेगळेच.

पुरावा हवा तर 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख कंप्युटर निळे पाडले, विमानं जमिनीवर बसवली. कारण काय, तर प्रोग्रामला 21 रकाने अपेक्षित होते आणि पुरवले गेले 20. एकविसावा वाचायला तो नको तिथे डोकावला. उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. त्याच्याही आधी, 1998 साली शिकागोत विंडोज 98 दाखवताना खुद्द बिल गेट्ससमोर स्क्रीन निळी पडली, तीही स्कॅनर जोडताच. म्हणजे पहिला प्रश्न असा: बिघाड सुरू होण्याच्या सुमारास नवं काय जोडलं किंवा टाकलं?

तुम्ही म्हणाल, मागे फॉरमॅट मारल्यावर काही दिवस नीट चालला होता. चालणारच! कोऱ्या विंडोजमध्ये तो बिघडलेला ड्रायव्हर नसतो. अपडेट सुरू झाली की तो मुकाट परत येतो. आणि दोष रॅमच्या पट्टीत असेल तर फॉरमॅटने तिला कसलाच फरक पडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: स्क्रीनवरचा कोड गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. खरंय, एकट्या कोडवर विसंबू नये. पण चार-पाच कोड शेजारी मांडले की बोलू लागतात. दर वेळी तोच कोड आणि खाली ‘.एसवायएस’ने संपणाऱ्या एकाच फाइलचं नाव, तर ड्रायव्हर धरावा. दर वेळी कोड निराळा, आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, तर संशय रॅमवर. स्क्रीन निळी न पडता कंप्युटर फटकन बंदच होत असेल, तर विंडोजला दोष देऊ नका. पॉवर सप्लाय बघा, आणि प्रोसेसरवरच्या पंख्यात लखनौच्या उन्हाळ्याची किती धूळ बसलीय तेही.

रॅमची मेमरी टेस्ट रात्री लावून झोपावं. दोन पट्ट्या असतील तर एक काढून दुसरीवर चालवा, मग अदलाबदल. एका वेळी एकच बदल करा. रेल्वेच्या डब्याची ऑसिलेशन ट्रायल घेताना स्प्रिंग, चाकं आणि वेग एकदम बदलले तर अहवालात काय लिहाल? दुकानवाला एका बैठकीत रॅम बदलतो, ड्रायव्हर टाकतो, अँटीव्हायरस उडवतो. मग बरं वाटलंच तर कशाने, हे त्यालाही सांगता येत नाही.

तूर्त इतकंच करा: फोटोंची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. सिस्टिमच्या सेटिंगमधलं ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ बंद करा, म्हणजे निळी स्क्रीन वाचता येईल इतका वेळ थांबेल. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या सगळ्या फाइली आम्हाला मेल करा. दुकानवाल्याला तोवर चहा पाजा, स्क्रूड्रायव्हर देऊ नका.

तुमची पुतणी आणि मंडळी