हवाई अंतर आणि जमिनीवरचा सहकार

स्पर्धा आणि सहकार यांपैकी मानवी प्रगतीला अधिक उपकारक कोण, हा वाद अर्थशास्त्राइतकाच जुना असून त्याचा निकाल ॲडम स्मिथला लावता आला नाही आणि क्रोपोत्किनलाही नाही, याचे मुख्य कारण असे की या दोघांपैकी कोणीही महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस उपस्थित राहिलेले नव्हते. ते राहिले असते, तर या दोन तत्त्वांत मुळात विरोधच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असते. स्पर्धा कोणी करायची आणि सहकार कोणी करायचा, याची नीट वाटणी झाली की दोन्ही तत्त्वे एकाच कुंपणात सुखाने नांदतात. ही वाटणी म्हणजे स्पर्धा सभासदांनी करावी आणि सहकार संचालकांनी.

आरंभी असे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साह्याने प्रवरेचा कारखाना उभारला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला, तेव्हा सहकाराचा अर्थ सरळ होता : ज्याचा ऊस, त्याचाच कारखाना, आणि एक एकरवाल्याला व शंभर एकरवाल्याला सारखेच एक मत. पहिल्या अध्यक्षपदी गाडगिळांसारखा अर्थतज्ज्ञ बसला होता, ही गोष्ट आजच्या वाचकाला दंतकथेसारखी वाटेल. परंतु ती खरी आहे.

पुढे शास्त्राची प्रगती झाली. या प्रगतीतील सर्वांत तेजस्वी संकल्पना म्हणजे ‘हवाई अंतर’. दोन कारखान्यांमध्ये सरळ रेषेत किमान किती अंतर असावे, याचा हा नियम केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात १५ किलोमीटरचा असून महाराष्ट्राने तो वाढवून २५ किलोमीटरचा केला. ऊस दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमधून, खड्डे चुकवीत, जमिनीवरूनच जातो, तरी अंतर हवेतून मोजतात, यात काही विसंगती नाही. कारण नियमाचा हेतू उसाची वाहतूक हा नसून नव्या कारखान्याला जवळपास उतरू न देणे हा आहे. झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, केव्हाच उठली, त्यामुळे शेतकरी आता पूर्ण स्वतंत्र असून आपला ऊस कोणत्याही कारखान्याला घालू शकतो, फक्त तो कारखाना जवळ असू नये एवढीच काळजी घेतली गेली आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी असल्या बंधनांविरुद्ध उभी हयात घालवली. त्यांना विरोध करताना मात्र सहकारी आणि खासगी कारखानदारांनी जो परस्पर सहकार दाखवला, त्याला तोड नाही.

खासगी हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. राज्यात गाळप घेणाऱ्या सुमारे २०० कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास आता खासगी आहेत, आणि त्यांतील काही पूर्वी सहकारीच होते, कर्ज थकले, लिलाव झाला, आणि विकणारे व घेणारे एकाच पंगतीतले निघाले. सहकारी कारखान्याची चेअरमनकी आणि शेजारच्या खासगी कारखान्याची मालकी एकाच वाड्यात नांदत असेल, तर स्पर्धा नेमकी कोणाशी, हा प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळीच सुटतो. (उदाहरणे वाचकांनी आपापल्या तालुक्यातून भरून घ्यावीत.)

सभासदांच्या वाट्याला आलेली स्पर्धा मात्र अस्सल आहे. ती तोडणीच्या पाळीसाठी असते. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड द्यावी, असा कागदोपत्री क्रम आहे. परंतु ज्या शेतकऱ्याने निवडणुकीत कपबशीऐवजी छत्रीचा प्रचार केला, त्याच्या उसाला तुरा लवकर येतो, हे निरीक्षण वनस्पतिशास्त्रात अद्याप नोंदले गेले नसले तरी गावोगावी सर्वश्रुत आहे. तुरा आला की ऊस पोकळ पडतो, वजन घटते, आणि कोणताही लेखी आदेश न काढता शिक्षा अमलात येते. याच सभासदाने ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या सर्वसाधारण सभेत उताऱ्याबद्दल प्रश्न विचारला, तर पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो, माईक अचानक बिघडतो, आणि इतिवृत्तात विषय क्रमांक आठ एकमताने संमत होतो.

खऱ्या स्पर्धेचे गुण पाहायचे असतील, तर दुष्काळाची वाट पाहावी लागते. ऊस कमी पडला की हवाई अंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. शेजारच्या तालुक्यातील तोडणीच्या टोळ्या आपण होऊन बांधावर येतात, पहिली उचल, म्हणजे ऊसदराचा पहिला हप्ता, वाढवून जाहीर होते आणि छत्रीवाल्याचाही ऊस वेळेत तुटतो. महाराष्ट्रात ऊसदरासाठी स्पर्धा आयोगाचे काम पाऊस करतो, तेही तो न पडल्यास.

स्पर्धेचा दोष पाहायचा तर फडावर जावे लागेल. ‘कोयता’, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, मिळवण्यासाठी कारखाने मुकादमांमार्फत चढाओढ करतात. पण तोडणीचा टनामागचा दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात राज्यभरासाठी एकच ठरत असल्याने ही चढाओढ मजुरीत न उतरता उचलीत, म्हणजे आगाऊ कर्जात, उतरते. कारखान्यांचा दरापुरता सहकार आणि उचलीपुरती स्पर्धा, या दोहोंचा भार बीडहून आलेल्या त्या एकाच जोडप्यावर पडतो, आणि यात विनोद शोधणे अवघड आहे.

तेव्हा निर्णय असा द्यावा लागतो की मालकीत सहकार हवा आणि दरात स्पर्धा हवी, आणि आज नेमके उलटे आहे. हवाई अंतराची अट रद्द होईपर्यंत सभासदाच्या हाती थोडे आहे, पण अगदीच नाही असे नाही. रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात, तो १४ दिवसांत द्यावा आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. फक्त वेगळा लेखी करार नसावा. म्हणून ऊसनोंदीच्या वेळी पुढे सरकवलेला छापील कागद सही करण्यापूर्वी वाचावा आणि वजनाची पावती जपून ठेवावी. हे व्याज मागण्यासाठी कोणत्याही पॅनेलचे असावे लागत नाही.