घाटवीर

डिसेंबर लागला की पुण्यात पहाटे साडेचारला दोनच माणसं हटकून उठतात. एक दूध टाकणारा, दुसरा घाटवीर. पहिल्याला पोट भरायचं असतं, दुसऱ्याला ते कमी करायचं असतं.

घाटवीर चाळिशी ओलांडलेला असतो. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी, नाहीतर स्वतःचा दवाखाना, नाहीतर सीएची प्रॅक्टिस. आधी तो पळायचा. मग गुडघ्याने संप केला आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. डॉक्टरांच्या मनात रोज अर्धा तास, सपाट रस्त्यावर, असं काहीतरी होतं. घाटवीराने त्यातला ‘सायकल’ एवढाच शब्द ऐकला आणि कार्बन फायबरची घेऊन आला. तिची किंमत घरात सांगताना तो एक शून्य गिळतो. बायकोला ते शून्य केव्हाच सापडलेलं असतं. तिने ते सोन्याच्या पाटल्यांसाठी राखून ठेवलेलं असतं.

सायकल पहिल्यांदा घरी आली तेव्हा वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. ते खडकीच्या कारखान्यात नोकरीला होते आणि पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या काळात त्यांनी निम्मं आयुष्य सायकलवर काढलं.

“किती गिअर रे याला?”

“बावीस.”

“आणि स्टँड?”

“नसतं.”

“कॅरिअर?”

“नाही.”

“मडगार्ड, घंटी, डायनॅमो?”

“नाही, बाबा. वजन वाढतं.”

“म्हणजे जे जे काढलं त्याचे पैसे घेतले,” असं म्हणून वडील पेपर वाचायला बसले.

घाटवीराच्या फोनमध्ये सरावाचं वेळापत्रक असतं. ते मूळचं युरोपातलं. तिथल्या व्यावसायिक सायकलपटूंची एक रीत आहे. हिवाळ्यात संथ गतीने लांब लांब अंतरं कापून पाया पक्का करायचा. थंडी फारच झाली की स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर किंवा टेनेरिफ बेटावरच्या तेइदे ज्वालामुखीवर मुक्काम हलवायचा. मार्च-एप्रिलमध्ये बेल्जियमच्या दगडी रस्त्यांवरच्या शर्यती मारायच्या आणि जुलैत टूर द फ्रान्ससाठी ऐन भरात यायचं. घाटवीर हे वेळापत्रक मनोभावे पाळतो आणि जुलैत खरोखरच ऐन भरात येतो. जुलैत पुण्यात पाऊस असतो. सिंहगडाच्या घाटात दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो आणि भरात आलेले घाटवीर बैठकीच्या खोलीत मागचं चाक ट्रेनरला अडकवून, समोर टेबलफॅन लावून, जागच्या जागी चाळीस किलोमीटर जातात. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारतात, मिक्सर बिघडलाय का.

खरं तर इथला हंगाम नेमका उलटा. पाऊस संपतो, नोव्हेंबरात ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या मोहिमा नव्याने सुरू होतात आणि पुढचे तीन-चार महिने सायकलला याहून चांगली हवा मिळत नाही. ब्रेव्हे ही शर्यत नसते. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. दिलेल्या वेळेत अंतर पुरं करायचं आणि वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका हंगामात ही चारही अंतरं पुरी करणाऱ्याला ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द घाटवीर दर वेळी वेगळा उच्चारतो. त्याचं अंतिम ध्येय पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस: १२०० किलोमीटर, ९० तास, दर चार वर्षांनी एकदा. मागची २०२३ साली झाली, म्हणजे पुढची २०२७ ला. तोवर बोपदेव घाट.

आता थंडीविषयी. पुण्याची थंडी खोटी नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेत जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांची नोंद झालेली आहे. पण आपल्या घाटवीराच्या वाट्याला सहसा दहा-बारा अंश येतात आणि तेवढ्यात तो आल्प्स उभे करतो. हातांना आर्म वॉर्मर, पायांना लेग वॉर्मर, बुटांवर मोजे (होय, बुटांवर), गळ्यात नळीसारखं एक फडकं, त्यावर विंडचीटर, त्यावर काळोखात चमकणारं जाकीट. शेवटी फक्त नाक उरतं. आई तरीही म्हणते, “अरे, कान झाक. ती माकडटोपी घे.” माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, असं तो गेली कित्येक वर्षं सांगतो आहे.

सगळा पोशाख चढवताना त्याच्या डोळ्यांसमोर १९८८ चा इटलीतला जिरो दि’इतालिया असतो. त्या वर्षी ५ जूनला, २६२१ मीटर उंचीच्या गाविया खिंडीत, भर शर्यतीत बर्फ पडलं. तो टप्पा नेदरलंड्सच्या एरिक ब्रॉयकिंकने जिंकला, पण नेत्याची गुलाबी जर्सी अँडी हॅम्पस्टेनच्या अंगावर चढली आणि तो जिरो जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. नाहीतर मग बेल्जियममधली १९८० ची लीएज-बास्तोन-लीएज शर्यत. बर्फात निम्म्याहून कितीतरी जास्त खेळाडू घरी गेले, बेर्नार इनो मात्र नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला आणि गारठ्याने त्याची दोन बोटं कायमची दुखावली. घाटवीर या कथा खडकवासल्याच्या चौपाटीवर, कणीस खाता खाता सांगतो.

जुन्या युरोपीय सायकलपटूंची आणखी एक युक्ती त्याला भारी आवडते. घाटमाथ्यावर बघ्यांकडून वर्तमानपत्र घ्यायचं आणि उतारावर वारा लागू नये म्हणून ते जर्सीच्या आत छातीशी सरकवायचं. त्याने ही युक्ती वडिलांना मोठ्या कौतुकाने सांगितली. वडील म्हणाले, “आम्ही लूनावर जाताना स्वेटरच्या आत पेपरच घालायचो. संध्याकाळी घरी येऊन तोच वाचायचो.”

तरी थंडीच्या बाबतीत एका गोष्टीचं श्रेय त्याला द्यायला हवं: तिचा भूगोल त्याला हवामान खात्याइतका कळतो. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि पाषाण, एनडीए, खडकवासला अशा सखल भागांत साचून राहते. त्यामुळे पहाटे घाटाच्या पायथ्याशी दात वाजतात आणि दोनशे मीटर वर गेलं की हवा उबदार लागते. म्हणजे पायथ्याला चढवलेले सगळे थर तिसऱ्या वळणावर नकोसे होतात. घाटवीर थांबून ते काढत नाही. थांबलं की स्ट्राव्हा अ‍ॅपवरची वेळ बिघडते. तो आतल्या आत भिजत राहतो आणि माथ्यावर पोचतो तेव्हा त्याला पिळून वाळत घालायचं तेवढं बाकी असतं.

चढणं हे त्याचं खरं काम, आणि तिथेच त्याची विद्या त्याच्यावर उलटते. हंगामाच्या सुरुवातीला सगळा सराव ‘झोन टू’मध्ये करायचा, असं वेळापत्रक सांगतं. म्हणजे बोलता येईल इतक्याच दमाने. घाटवीराला तासभर सलग लावता येणारी ताकद १८० वॅट. तिच्या पंचाहत्तर टक्के म्हणजे १३५ वॅट ही झोन टूची वरची हद्द. आता गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगड. जवळपास नऊ किलोमीटर, सहाशे मीटरहून जास्त चढ, सरासरी शेकडा सात, काही वळणांवर दहाच्याही वर. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर १३५ वॅटमध्ये सरासरी चढावर ताशी साडेसात किलोमीटर वेग निघतो. या वेगाने सायकल उभी राहते एवढंच. खऱ्या उभ्या वळणावर वेग पाचावर येतो, आणि आतकरवाडीच्या पायवाटेने निघालेले आजोबा पुढे जातात.

म्हणून दर रविवारी घाटवीर नाक्यावर सगळ्यांना बजावतो, “आज निवांत हं, झोन टू.” पहिल्या वळणावर मागून कुणीतरी पंचविशीतला पोरगा येतो, “काका, जरा डावीकडे,” म्हणतो आणि जातो. त्या एका ‘काका’ने सहा आठवड्यांचा पाया कोसळतो. पुढची आठ किलोमीटर हृदयाचे ठोके १७० च्या खाली येत नाहीत. घड्याळ किंचाळत असतं. घाटवीर घड्याळावर बाही ओढून घेतो.

वजनाचा हिशेब तर वेगळा लिहावा इतका गमतीचा आहे. ८५ किलोंमधून एक किलो कमी झालं तर चढावरचं काम जेमतेम सव्वा टक्क्याने घटतं. तासाभराच्या चढावर पाऊण मिनिट वाचतं. हे गणित घाटवीराला तोंडपाठ आहे. तेवढ्यासाठी तो हलकी चाकं घेतो, टायटॅनियमचे स्क्रू घेतो, दोनाऐवजी एकच पाण्याची बाटली नेतो. मग गडावर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. सहाशे मीटर चढायला त्याने सुमारे ५०० किलोजूल काम केलेलं असतं. शरीराची कार्यक्षमता चोविसेक टक्के असल्यामुळे सायकलवर जितके किलोजूल काम होतं, साधारण तितक्याच किलोकॅलरी जळतात. म्हणजे पाचशे. त्या भज्यांच्या पहिल्या ताटात भरून निघतात. दुसरं ताट पुढच्या रविवारच्या खात्यावर.

दही विकणाऱ्या बायका गडावर त्याच्या आधी पोचलेल्या असतात. “दमलात काय, दादा? बसा जरा,” असं त्या मनापासून म्हणतात. तो बसतो. बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारे क्लीट असतात, त्यामुळे गडाच्या फरशीवर उठताना दोनदा घसरतो.

उताराला मात्र हसण्यासारखं काही नाही. ओले कपडे, रिकामे पाय, वर वारा. दहा अंश तापमानात ताशी चाळीसच्या वेगाने खाली येताना अंगाला सहा अंश असल्यासारखं लागतं, आणि चढताना पेटलेली भट्टी उतरताना विझलेली असते, कारण पाय मारायचेच नसतात. सगळ्यात आधी बोटं जातात. ब्रेकवर बोटं आहेत हे डोळ्यांनी बघून खात्री करावी लागते. इथे एरवी बढाया मारणारा घाटवीर गप्प असतो आणि शहाण्यासारखा वागतो. वळणाआधीच वेग कमी करतो, बाभळीचे काटे आणि सुटलेली खडी चुकवतो, दर दोन वळणांना एक हात सोडून झटकतो. माथ्यावर फेकून दिलेलं वर्तमानपत्र त्याने खरोखरच छातीशी घातलेलं असतं. लूनाचा उल्लेख तो करत नाही.

रात्री ग्रुपवर फोटो पडतात. प्रत्येक ग्रुपात एक जण असा असतो जो साडेपाचला चांदणी चौकात यायचं कबूल करून सव्वापाचला ‘पंक्चर’ असं एकाच शब्दात कळवतो; त्याचं टायर थंडीतच पंक्चर होतं. दुसरा असा, जो येतो पण अमृततुल्यपर्यंतच. आणि एक जण नाशिकचा दाखला देणारा. तो दाखला मात्र खणखणीत आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पुरी केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोन वर्षांनी श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. महाजन डॉक्टर, गोकुळनाथ डॉक्टर, समर्थ डॉक्टर. हे वाचून घाटवीराने आपल्या डॉक्टरांना पुन्हा फोन केला. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास, सपाट रस्त्यावर.

तो ऐकणार नाही, हे उघड आहे. आणि ऐकू नये, असंच म्हणावंसं वाटतं. त्याचे बर्फाळ आल्प्स उसने आहेत, त्याचं वेळापत्रक दुसऱ्या खंडाचं आहे, त्याचा झोन टू एका ‘काका’पुरता टिकतो. पण जानेवारीच्या अंधारात, सगळी सोसायटी गोधडीत असताना, हा माणूस उठतो, आवाज न करता दार ओढून घेतो आणि नऊ किलोमीटरचा घाट पायाने चढतो. फेब्रुवारीत तो २०० किलोमीटरची ब्रेव्हे तेरा तास दहा मिनिटांत पुरी करतो, म्हणजे शेवटून दुसरा येतो, आणि ती पुरी केल्याचं पदक घरात टीव्हीच्या वर लागतं. आई पाहुण्यांना सांगते, “आमच्याकडे सगळ्यांना सायकलची आवड.” वडील मान डोलावतात. हल्ली रविवारी संध्याकाळी साखळीला तेल तेच घालतात.

तुम्ही थंडीत सकाळी गाडी घेऊन सिंहगडावर किंवा बोपदेवला जाणार असाल, तर एवढं कराच. उतारावर त्याच्या मागे चिकटू नका, हॉर्न वाजवू नका आणि पुढे जाताना दीड मीटर जागा सोडा. त्याची बोटं बधिर असतात, ब्रेक उशिरा लागतो. आणि वर टपरीवर भेटला तर खुशाल दोन शब्द बोला, फक्त “किती झाले आज?” असं विचारू नका. विचारलंत, तर आधी खाली बसा.