मातीवर खापर फोडणाऱ्या ठेकेदारास

ठेकेदारसाहेब,



हे पत्र खुलं लिहितोय. श्रीरामपूर-राहुरीकडच्या उसाच्या रानांत एनए प्लॉट पडताहेत, तेव्हा तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकालाही ते वाचता यावं.

तुम्ही बांधलेल्या माझ्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेली भेग दाखवली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काळी माती आहे, ती अशीच करते." अहो, ठाऊक होतं ना? मग पाया तिच्यातच तीन फुटांवर का थांबवलात? पावसाळ्यात दार चौकटीत अडकलं, तुम्ही सुतार पाठवून रंधा मारलात. उन्हाळ्यात तेच दार सैल झालं, भेगेत बोट जाऊ लागलं, तुम्ही पुट्टी भरलीत. ही दुरुस्ती नव्हे, ही रंगरंगोटी.

मातीने काहीच लपवलं नव्हतं. बसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. आपल्या वाडवडिलांना खनिजाचं नाव माहीत नव्हतं, पण पेरायचं काळीत आणि राहायचं पांढरीवर, एवढं पक्कं कळत होतं. काळीवर घर बांधू नये असं माझं म्हणणं नाही. बांधता येतं, पण तिची तपासणी करून.

ती तपासणी किती साधी! चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम घ्यायची, 100 मिलिलिटरच्या नळीत घालून वर पाणी भरायचं. दुसऱ्या नळीत तेवढ्याच मातीवर रॉकेल. 24 तासांनी बघायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यातली किती वर चढली ते समोरच दिसतं. दोन्हींत पन्नास टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर सावध व्हायचं. भारतीय मानक 2720 च्या भाग 40 मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. तुम्ही त्याला कागदी घोडे म्हणालात.

आणि चुना! तो तुमच्या साइटवर आला, पण फक्त आखणीची फक्की मारायला. तोच विरलेला चुना मातीच्या वजनाच्या साधारण तीन ते सहा टक्के घेऊन तिच्यात कालवून, मुरू देऊन दाबला असता, तर चिकट चिखलाची भुसभुशीत माती झाली असती आणि पुढे महिनोन्‌महिने ती घट्ट होत गेली असती. त्यात साखर कारखान्याच्या बॉयलरची राख मिसळली की सिलिकाचीही भर पडते. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला त्याला सत्तर वर्षं उलटली. या जिल्ह्यात उसाच्या चिपाडाच्या राखेला तोटा आहे का? नुसती राख पुरत नाही, हे खरं. सल्फेट जास्त असलेल्या जमिनीत चुना उलटतो, हेही खरं. म्हणून तर प्रमाण प्रयोगशाळेने ठरवायचं, तुमच्या मुकादमाने नव्हे. काळीचा थर खोल असेल, तर तळाशी फुगवटा असलेले पाइल किमान साडेतीन मीटरपर्यंत न्यावे लागतात. घरमालकाला खर्च आधी सांगा, तो विचार करेल.

आता पुट्टी नको. घराभोवती बाहेर ढाळ असलेली फरशी करून द्या, पन्हाळीचं पाणी पायापासून लांब काढून द्या, तुमच्या खर्चाने. शेजारच्या प्लॉटवर तुमची फक्की मारून झालीय, खड्डे अजून खणायचेत. तिथली माती आधी तपासायला पाठवा आणि अहवालाची प्रत त्या मालकाच्या हातात द्या.

आपला,
एक घरमालक