कळवायचं कारण नाही

कंपनी ठाण्यात, वागळे इस्टेटला. तिथली झूमची खाती सांभाळणारा मुलगा मात्र डोंबिवलीत, फडके रोडच्या मागच्या गल्लीत, बर्म्युडा घालून बसलेला. अमक्याचा विभाग बदलला, तमकीने लग्नानंतर आडनाव बदललं (किंवा विचार करून तेच ठेवलं), की तो झूमच्या एपीआयला 'पॅच' विनंती पाठवतो. क्षणात बदल होतो आणि उत्तर येतं: २०४. म्हणजे काम झालंय, बोलण्यासारखं काही नाही.

दाखल्यावरचा एक काना दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र, दोन झेरॉक्स आणि 'साहेब जेवायला गेलेत' एवढा ऐवज लागणाऱ्या मुलखात हे पचायचं कसं? आपल्याकडे उत्तरं भरपूर, काम नाही. तिथे काम चोख, उत्तर कोरं.

खरा तंटा नावाचा. झूम विचारतो पहिलं नाव आणि आडनाव. वडिलांची चौकशीच नाही. इकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर राज्याने आईचंही नाव आणलं, उत्तम केलं. ही बाळं नोकरीला लागतील तेव्हा आई-बाबांना दोनातल्याच एका रकान्यात सरकून बसावं लागेल. लोकलमधली चौथी सीट डोंबिवलीकरांना नवी नाही म्हणा.

वेळेच्या रकान्यात 'एशिया/कोलकाता' लिहायचं. इथे चालते ती मध्य रेल्वेची, पण तो पर्याय यादीत नाही.

सगळ्यात जहाल रकाना 'टाइप'चा. १ म्हणजे फुकट खातं, २ म्हणजे लायसन्सचं. एरवी एक नंबरसाठी माणसं जिवाचं रान करतात. इथे एकवर गेला तो कामातून गेला. वरून फर्मान येतं, खर्च कमी करा. मुलगा २ खोडून १ टाकतो. २०४. ज्याचं खातं, त्याला पत्ताही नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणचे एक मॅनेजर क्लायंटला तिमाहीचे आकडे सांगायला बसतात. चाळीस मिनिटांत मराठी माणसाचं प्रास्ताविक कधी आटोपलंय? फुकट खात्याला मात्र तेवढीच मुदत. ऐन 'तर मुद्दा असा'ला मीटिंग बंद. साहेब राउटर बंद-चालू करतात, मायक्रोवेव्ह कुणी लावला म्हणून घरात ओरडतात, केबलवाल्याचा उद्धार करतात आणि शेवटी हेल्पडेस्कला फोन लावतात.

फोन उचलतो तोच मुलगा.

"सर, एकदा लॉगआउट करून बघता का?"