जिन्याखालचा मुद्देमाल

चेल्टनहॅम, ग्लॉस्टरशायर
ता. १७ नोव्हेंबर १९६८

तीर्थरूप बाबांचे सेवेशी, बालकाचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले कृपापत्र पोचले. आईच्या गुडघ्याचे, परसातल्या शेवग्याचे आणि पेन्शनीच्या फरकाचे वर्तमान सविस्तर कळविल्यावर शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, चि. अजयच्या पत्रातील 'आमच्या घरी बरण्या रात्री बोलतात' या वाक्याचा अर्थ आपण विचारला आहे. बत्तीस वर्षे अबकारी खात्यात काढलेला मनुष्य असले काही सहज विचारीत नाही हे मी जाणतो. आणि झडतीपूर्वीच आपण होऊन हजर झालेल्या इसमास थोडी सवलत द्यावी, हे तत्त्व आपल्याच तोंडून लहानपणी ऐकलेले असल्यामुळे ही कैफियत सादर करीत आहे. आईला पत्र वाचून दाखविताना चष्मा नेमका कोणत्या ओळीवर हरवावा, हे आपल्या मर्जीवर सोपवितो.

बाबा, मी घरी वाइन करतो.

कायद्याचा खुलासा आधी करतो, म्हणजे पुढचे आपण बसून वाचाल. येथे गृहस्थाने स्वतःच्या घरापुरती फळांची वाइन केली तर सरकार एक पेनीही मागत नाही. घरी बिअर करणारास जो परवाना लागे तोही १९६३ साली रद्द झाला. विकणे मात्र वर्ज्य, आणि भट्टी लावून अर्क उतरविणे हा येथेही गुन्हाच. म्हणजे रस आंबवावा, पण त्याची वाफ धरू नये. आणि इंग्रजांचा दाखला आपणास पुरेसा वाटणार नाही म्हणून ग्रंथालयातून प्रा. कंगले यांचे कौटिलीय अर्थशास्त्र आणून पाहिले, तर त्यात सुराध्यक्षाचे, म्हणजे आपल्याच पूर्वसूरींचे, प्रकरण निघाले. आणि तो करडा ब्राह्मणसुद्धा कुटुंबवत्सल माणसास सणासमारंभी श्वेतसुरा व औषधाकरिता अरिष्ट घरी करण्यास मुभा देतो, इतकेच नव्हे तर कवठ, काकवी आणि मध यांच्या आसवाचे प्रमाणही लिहून ठेवतो! आपल्या परसातल्या कवठांची आपण दरवर्षी चटणीच करीत आलो, हे वाचून क्षणभर वाईट वाटले.

या मार्गास मला लावणारे गुरू म्हणजे शेजारचे एक वृद्ध गृहस्थ. पहिल्या महायुद्धात खंदकात होते. आता त्यांचे सारे युद्ध गोगलगायींशी चालते. यांच्या देशात द्राक्षे बेताचीच पिकतात, म्हणून ही माणसे हाती लागेल त्याची वाइन करतात: कुंपणावरची ब्लॅकबेरी, रुबार्बचे आंबट देठ, एल्डरची फुले, आणि पार्सनिप नावाचे एक पांढरे, निरुत्साही गाजर. ब्लॅकबेरी २९ सप्टेंबरनंतर तोडू नये, कारण त्या दिवशी सैतान स्वर्गातून खाली पडला तो तिच्याच काटेरी जाळीत, आणि तेव्हापासून दरवर्षी तो तिच्यावर येऊन थुंकतो, असे त्यांनी मला इतक्या गांभीर्याने सांगितले की आषाढीनंतर वांगी न खाणाऱ्या आपल्या घराण्याची मला एकदम आठवण झाली.

पण गुरू शेजारचे असले तरी विद्या आईची आहे. गॅलनभर पाण्यास चार पौंड फळे व तीन पौंड साखर घ्यावी, त्यात किण्व सोडावे, पहिले काही दिवस भांड्याच्या तोंडास फडके बांधावे, मग काचेच्या मोठ्या बरणीत भरून बुचात वाकडी नळी बसवावी, म्हणजे आतला वायू पाण्यातून बाहेर पडतो पण बाहेरची हवा आत शिरत नाही. रात्री 'गुडुप' असा जो आवाज होतो, अजयच्या भाषेत तेच बोलणे. यात नवीन ते काय? बरणी उन्हात तापविणे, ओला हात न लावणे, तोंडाला दादरा बांधणे, आणि तयार होईपर्यंत घरातल्या पुरुषांना जवळ फिरकू न देणे हे सर्व मी लोणच्यांच्या दिवसांत पाहिलेले आहे. फरक इतकाच की जे काम आईचे मीठ व तेल करते ते येथे गंधकयुक्त गोळी करते. आणि ती गोळी 'कॅम्पडन' म्हणून ओळखली जाते, कारण ती निघाली आमच्याच परगण्यातल्या चिपिंग कॅम्पडन या गावी. सौ. कुमुदचे म्हणणे मात्र असे की, सासूबाईंनी तिला दादरा बांधायला शिकविला तो यासाठी नव्हे.

आणि आपला वारसा? आपल्या टेबलावर मखमली खणांची एक लाकडी पेटी असे, आणि तीत साइक्सचा पितळी हायड्रोमीटर आपल्या वजनांच्या परिवारासह शेजघरातल्या देवासारखा निजलेला असे. १८१६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने कायदा करून मान्यता दिलेल्या त्या यंत्रास हात लावल्याबद्दल खाल्लेली थप्पड मला अद्याप आठवते. आता माझ्याजवळ काचेचा एक साधा हायड्रोमीटर आहे. आपला दारूचा कस सांगे. माझा रसात साखर किती उरली ते सांगतो. आरंभी १.०९० असलेला आकडा उतरत उतरत १.०००च्या खाली गेला, की किण्वाने आपले काम संपविले असे समजावे.

हे समजून न घेतल्याचे फळ मला मिळाले. गेल्या वर्षी जूनमध्ये, कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारखी पांढरी पण पसाएवढी अशी एल्डरची फुले आणून मी वाइन घातली. ऑक्टोबरच्या थंडीत बुडबुडे थांबले; मी यंत्र न बुडविताच बाटल्या भरून बुचे ठोकली आणि त्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. किण्व मेले नव्हते, गारठून निजले होते. एप्रिलच्या एका उबदार रात्री ते जागे झाले, आणि अडीचच्या सुमारास एकामागून एक पाच बाटल्या फुटल्या. पहिल्या बारास शेजारचे गृहस्थ म्हणे पलंगाखाली गेले. दुसऱ्यास त्यांनी वास ओळखला. आणि तिसऱ्यास ते नाईट-गाऊनवर, हातात पेला घेऊन, आमच्या दारात उभे होते.

आता अवघड भाग. दिवाणखान्याच्या भिंतींना नवा कागद लावायचा म्हणून आपली तसबीर, गणवेशातली, पदक लावलेली, त्या दिवसांत त्याच कपाटात ठेवलेली होती. काच शाबूत राहिली, पण चौकटीच्या फटीतून रस आत गेला आणि आपल्या मिशीच्या डाव्या टोकापासून पदकापर्यंत एक पिवळसर ओघळ उतरला. कुमुदने तसबीर पुसून भिंतीवर लावली आहे. थंडीत सुवास येत नाही, उन्हाळ्यात येतो. पाहुणे वास हुंगतात आणि मग आदराने आपल्या हुद्द्याची चौकशी करतात.

हल्ली मी सावध झालो आहे. यंदा केवळ एकच धाडस केले. ब्लॅकथॉर्नच्या काट्यांतून 'स्लो' नावाची करवंदाएवढी काळीनिळी फळे पहिल्या हिवानंतर तोडून आणली. आवळा खाऊन वर पाणी प्यावे तर गोड लागते; हे फळ खाल्ले तर पाणीसुद्धा तुरट लागते. पौंडभर फळे, एकेक सुईने टोचून, अर्धा पौंड साखरेसह जिनच्या बाटलीत मुरत घातली आहेत. जिन रीतसर, कर भरून, दुकानातून घेतलेली असून पावती जपून ठेवली आहे. तीन महिन्यांत रंग माणकासारखा उतरतो म्हणतात. पण मी बाटलीस लाख लावून मोहोर केली आहे, आणि आपण व आई मे महिन्यात येईपर्यंत ती उघडणार नाही. पंच म्हणून शेजारचे गृहस्थ आणि कुमुद यांनी हजर राहण्याचे कबूल केले आहे. साइक्सची पेटी तेवढी घेऊन यावी.

आईस शिरसाष्टांग नमस्कार. चि. अजयचा दोघांस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
माधव

ता. क. आसवारिष्टांत धायटीची फुले घालतात, म्हणजे उकळी चांगली येते, असे वाचले. काष्ठौषधींच्या दुकानातून पावशेर आणावीत. पुडीवर 'आईच्या गुडघ्यासाठी' असे लिहिले तर ते अगदीच खोटे होणार नाही.