बायको : दरमहा चारशे रियाल

गृहिणीच्या कामाचं मोल कुणी करत नाही, अशी आपल्याकडे जुनी तक्रार आहे. परिसंवाद झाले, ठराव झाले, दर आठ मार्चला गुलाबाची फुलंही वाटून झाली; आकडा मात्र कुणी सांगेना. तो अखेर सौदी अरेबियाच्या सरकारने सांगितला. १ जुलै २०१७ पासून तिथे नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाची बायको दरमहा १०० रियालची झाली. पुढे दर जुलैत शंभराची वाढ : २०१८ मध्ये २००, २०१९ मध्ये ३००, २०२० मध्ये ४००. तीन वर्षांत चौपट! आपली कुठलीही मुदत ठेव असा परतावा देत नाही. अडचण एवढीच, की हे पैसे बायकोच्या हातात पडत नाहीत. तिला जवळ ठेवल्याबद्दल नवऱ्याने ते सरकारजमा करायचे असतात.

तिकडची आपली माणसं याला सरळ ‘फॅमिली टॅक्स’ म्हणतात. मुलांनाही तोच भाव. चाळिशीतली बायको, दहावीतली मुलगी आणि कालपरवा जन्मलेलं बाळ, सगळे एका दराने. आपली एसटी पाच वर्षांखालच्या पोराला निदान फुकट नेते. इथे पाळण्यातल्या नागरिकालाही सवलत नाही. नागरिक कसला म्हणा, तिथे जन्मून तो नागरिक होतच नाही. बापाच्या इकाम्यावरची एक नोंद होतो. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. त्याचं नूतनीकरण करताना ही फी तेव्हा वर्षभराची आगाऊ भरावी लागे. बायको आणि तीन मुलं असतील तर ४०० रियालच्या दराने वर्षाचे १९,२०० रियाल, तेव्हाच्या भावाने पावणेचार लाख रुपयांहून जास्त. महिना ४,८०० रियाल कमावणाऱ्या माणसाचे बरोबर चार पगार. म्हणजे जानेवारी ते एप्रिल तो सरकारसाठी राबणार आणि मे महिन्यापासून स्वतःच्या मुलांचा बाप होणार.

यात द्वेष वगैरे काही नव्हता, हिशेब होता. २०१४ च्या मध्यावर पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत तिशीखाली घसरलं. २०१५ ची सौदी अर्थसंकल्पातली तूट ३६,७०० कोटी रियाल. कणगीचा तळ दिसू लागला की घरमालकाला पाहुण्यांची ताटं मोजावीशी वाटतात, तसं झालं. २०१६ मध्ये ‘व्हिजन २०३०’ नावाचा सरकारी आराखडा आला. त्या दूरदृष्टीच्या टप्प्यात पहिल्यांदा दिसलं काय, तर खेड-चिपळूणच्या एका अकाउंटंटची बायको, दुसरीतला मुलगा आणि फ्लॅटमधला फ्रीज. २०१८ मध्ये पाच टक्के व्हॅट आला, २०२० मध्ये तो पंधरा झाला. मोबाइलची दुकानं, मग कपड्यांची, फर्निचरची, गाड्यांच्या शोरूमची दुकानं एकेक करून स्थानिकांसाठी राखीव झाली. त्यावर माझी तक्रार नाही. त्यांचा देश, त्यांची पोरं, त्यांची बेकारी. भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या म्हणून इथे गळा काढणाऱ्या महाराष्ट्राने तिथे जाऊन वेगळं बोलू नये.

तर जेद्दाच्या अझिझियात, शरफियात, रियाधच्या बथ्यात रात्री कॅल्क्युलेटर चालू लागले. बेरीज कितीही वेळा केली तरी उत्तर एकच येई. भारतीय शाळांत दाखले काढायला रांगा लागल्या. सोफा विकला, पलंग विकला, वॉशिंग मशीन शेजारच्या मल्याळी कुटुंबाला दिलं आणि दोन महिन्यांनी त्यांनाही ते विकावं लागलं. कार्गोवाल्यांचे दिवस मात्र सोन्याचे होते. दूध पावडरीच्या डब्यांबरोबर अख्खे संसार खोक्यांत बसून समुद्रमार्गे निघाले. बायको-मुलांच्या नावावर ‘फायनल एक्झिट’ लागलं, आणि वीस वर्षं संसार केलेला गृहस्थ पुन्हा ‘बॅचलर’ झाला. आखातात एकटा राहणारा पुरुष बॅचलरच. त्याला घरी तीन मुलं असली तरी. सहा जणांच्या खोलीत वरचा पलंग, सकाळी बाथरूमसाठी नंबर आणि रात्री व्हिडिओ कॉलवर मुलाचा गृहपाठ. नेटवर्क गेलं की बापपण तात्पुरतं स्थगित.

सरकार निर्दयी होतं असंही म्हणता येणार नाही. ज्यांना जायचं नव्हतं त्यांच्यासाठी २०१९ मध्ये सोय केली : ‘प्रीमियम रेसिडेन्सी’. एकरकमी आठ लाख रियाल भरा, म्हणजे तेव्हाचे सुमारे दीड कोटी रुपये, आणि बायको-मुलांसह खुशाल राहा. फॅमिली टॅक्ससुद्धा माफ. तेवढी रक्कम एकदम नसेल तर वर्षाला एक लाख रियाल. ज्याला १९,२०० जड झाले त्याला आठ लाखांचा मार्ग दाखवणं, हे मार्गदर्शन आपल्याकडच्या बँकांनाही सुचलं नसतं.

कुवेतचा खाक्या याहून स्वच्छ. तिथे बायको-मुलांना आणण्याची पात्रता पगारावर ठरते. आधी महिना ४५० दिनार लागत, २०१९ मध्ये ५०० झाले. पुढे कौटुंबिक व्हिसा बराच काळ बंदच होता. २०२४ च्या जानेवारीत खिडकी उघडली तेव्हा पाटी होती ८०० ची. म्हणजे ७९९ दिनार मिळवणाऱ्याने बायकोची आठवण काढायची, ८०० वाल्याने तिला बोलवायचं. २०२१ पासून तर साठी उलटलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने अडवले गेले. कुवेत उभारताना तीस वर्षं त्यांच्याकडे कुणी पदवी मागितली नव्हती. नंतर जबर फी आणि विमा भरून राहायची मुभा दिली. गोव्याच्या कितीतरी घरांचे कर्ते पुरुष या एका नियमात सापडले.

याच कुवेतमधून १९९० मध्ये सद्दामच्या रणगाड्यांनी भारतीयांना हुसकावलं, तेव्हा एअर इंडियाने अम्मानहून लाखाच्या वर माणसं उचलून आणली होती. आपण अजून त्याचा अभिमान सांगतो. २०१६ मध्ये त्यावर सिनेमाही आला. रणगाड्याने हाकललं तर विमान येतं, हा धडा आपल्या लोकांनी घ्यायला हवा होता. पावतीने हाकललेल्या माणसाला तिकीट स्वतः काढावं लागतं आणि त्याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

असो. ते झाले परके. आता आपल्या माणसांकडे येऊ.

जेद्दात जन्मलेला मुलगा खेडला आला. गाव त्याला फक्त जुलै-ऑगस्टच्या सुट्टीतलं ठाऊक. आपल्या गावात बारा महिने पाऊसच पडतो, अशी त्याची समजूत. ती ऑक्टोबरात सुटली. बाकीच्या समजुती सरकारी कचेरीत सुटल्या. शाळेने आधार मागितलं. आधार कायद्याप्रमाणे तेव्हा आधार मिळे फक्त ‘रहिवाशाला’, आणि रहिवासी म्हणजे मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला. २०१७-१८ मध्ये परतलेल्या या कुटुंबांनी हातात भारतीय पासपोर्ट धरून आपल्याच देशाचे रहिवासी होण्यासाठी सहा महिने दिवस मोजले. तिथे पैसे भरून तरी राहता येत होतं. इथे पैशांची अट नव्हती, फक्त ‘तुम्ही अजून इथले नाही’ एवढंच म्हणणं होतं.

मग अधिवास प्रमाणपत्र, आपल्या भाषेत डोमिसाइल. त्याला १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. खिडकीवरचा संवाद कसा होत असेल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

‘मिस्टर कुठे असतात?’

‘जेद्दाला.’

‘मग तुम्ही इथे कशा?’

‘तिथे राहणं परवडेना.’

‘म्हणजे इथे कायमच्या आलात का?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘गेल्या वर्षापासून.’

‘मग ताई, अजून चौदा वर्षं थांबावं लागेल. हे कागद कसले?’

‘इकामे. मुलाच्या जन्मापासूनचे सगळे आहेत. तो कुठे राहिला त्याचा पुरावा.’

‘हे उर्दूत आहे.’

‘अरबीत आहे.’

‘तेच ते. मराठीत करून, साक्षांकित करून आणा.’

मुलगा हुशार. नीटमध्ये मार्क चांगले. पण राज्याच्या कोट्यातून सरकारी वैद्यकीय कॉलेज हवं तर डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली हवी. याची दहावी जेद्दाच्या भारतीय शाळेत झाली. बोर्ड दिल्लीचं, पुस्तकं एनसीईआरटीची, सकाळी जन-गण-मन. तरी परीक्षेचं केंद्र लाल समुद्राच्या काठी. तेवढ्या खाऱ्या पाण्याने त्याचा महाराष्ट्र धुऊन गेला. खासगी कॉलेजात एनआरआय कोटा आहे, पण तिथली फी ऐकली की फॅमिली टॅक्स स्वस्त वाटू लागतो. आणि बाप उद्या कंटाळून कायमचा परत आला, तर तो एनआरआयही राहणार नाही. तिथे हे पोर रियाल भरलेला पाहुणा होतं, इथे ते बिनपावतीचं आहे.

गंमत बघा, या पोराच्या बापाने वीस वर्षं पाठवलेल्या रियालला कधी कुणी डोमिसाइल विचारलं नाही. तो बँकेत आला, रुपया झाला, गावात सिमेंट झाला, शाळेच्या इमारतीचं छप्पर झाला, उरुसाची वर्गणी झाला. कोकणातल्या मनीऑर्डरींचं कौतुक करणारी भाषणं आपण इतकी ऐकली आहेत, की मनीऑर्डर बंद होऊन माणूस स्वतः आला तर काय करायचं, याचा विचार राहूनच गेला. ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस असतो. तिथे व्यासपीठावर गुंतवणूक करणारा प्रवासी बसतो. कार्गोची खोकी घेऊन आलेल्याने आपली जागा प्रेक्षकांत शोधावी. तीही ओळखपत्र दाखवून.

केरळने १९९६ मध्येच बाहेर गेलेल्या केरळी माणसांसाठी ‘नोर्का’ नावाचं वेगळं खातं काढलं, पुढे परतणाऱ्यांना धंद्यासाठी कर्जाची योजना आणली. तिथेही सगळं आलबेल नाही. पण परत आलेला मल्याळी माणूस निदान कुठल्या दारात उभं राहायचं ते जाणतो. कोकणातल्या बाईला सेतू केंद्र, तहसील, शाळा आणि झेरॉक्सचं दुकान अशी चार धामं करावी लागतात, त्यातलं शेवटचंच काय ते वेळेवर उघडतं.

सौदीचा दर कमी करणं मंत्रालयाच्या हातात नाही, हे मान्य. पण १८२ दिवसांची आधारची अट भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी २०१९ मध्ये काढून टाकली गेली. अर्थसंकल्पात दोन ओळी वाचल्या, सप्टेंबरात परिपत्रक निघालं, आकाश कोसळलं नाही. तेव्हा ज्यांचे आईबाप महाराष्ट्राचे आणि ज्यांनी परदेशातल्या भारतीय शाळेत सीबीएसईची दहावी केली, त्या मुलांची दहावी राज्याच्या कोट्यासाठी धरावी, एवढा एक शासन निर्णय काढायला हरकत नसावी. कोकणातल्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा. आणि वाचकहो, तुमच्या मतदारसंघातले आमदार तो विचारत नसतील, तर मतं मागायला येतील तेव्हा तुम्ही त्यांना विचारा.